निस्सिम इझिकेल : ‘शनिवार तेल्यां’च्या घरातला कवी

मुलांच्या इंग्रजीच्या पाठ्यपुस्तकांतून एक कविता वर्षानुवर्षे भेटत आली आहे. पावसाची रात्र, तांदळाच्या पोत्याखाली दडलेला विंचू, आईला झालेला दंश आणि कंदील घेऊन धावत आलेले गावकरी. कवितेचे नाव ‘नाइट ऑफ द स्कॉर्पियन’ आणि कवी निस्सिम इझिकेल. जळगाव-धुळ्याच्या आपल्या मुलांना या कवीविषयी दोनच गोष्टी ठाऊक असतात. एक, ते इंग्रजीत लिहीत. दोन, ते ज्यू म्हणजे यहुदी होते. ही दुसरी गोष्ट कळली की आपल्या बऱ्याच घरांत पुढचे बोलणेच थांबते. यहुदी म्हटले की डोळ्यांसमोर गाझा येते आणि मन मिटून जाते. म्हणूनच या महिन्यात याच माणसाची ओळख करून द्यावी, असे आम्हाला वाटले.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. फलस्तीनच्या जनतेवरचा जुलूम हा जुलूमच आहे आणि त्याला तसे म्हणताना आपण अडखळण्याचे कारण नाही. परंतु एका सरकारच्या कृत्यांचा हिशेब जगातल्या प्रत्येक यहुद्याकडे मागणे हा इन्साफ नव्हे. हे आपल्याला कोणी शिकवायची गरज पडू नये. कुठे दूर काही घडले की इथल्या मुसलमानाने खुलासा द्यायचा, हा न्याय आपण पुष्कळ सोसला आहे. सूरह आले-इम्रानमध्ये अहले-किताब सगळे एकसारखे नाहीत हे स्पष्टपणे आले आहे. एका यहुद्याचा जनाजा समोरून जाताना पैगंबर साहेब (स.) उभे राहिले आणि लोकांनी आश्चर्य व्यक्त केल्यावर तोही एक जीवच होता अशा अर्थाचे उत्तर त्यांनी दिले, ही बुखारी शरीफमधील हदीस आपल्या वाचकांना ठाऊक आहे. तेव्हा इझिकेलांकडे आपण माणूस म्हणून आणि आपल्याच महाराष्ट्राचे एक लेखक म्हणून पाहू.

मराठी बोलणारे बनी इस्राईल

इझिकेल ज्या समाजात जन्मले त्याचे नाव ‘बेने इस्राएल’. आपण ज्यांना बनी इस्राईल म्हणतो तोच हा शब्द. या समाजाच्या परंपरेनुसार त्यांचे पूर्वज फार प्राचीन काळी जहाज फुटल्यामुळे अलिबागजवळच्या नौगावच्या किनाऱ्याला लागले. वाचलेली मोजकी कुटुंबे कोकणातल्या गावांतून राहिली, वाढली. भाषा मराठी झाली, बायका साडी नेसू लागल्या, गावांच्या नावांवरून दिवेकर, केहिमकर, राजपूरकर अशी आडनावे पडली. पुष्कळांचा धंदा तेलाचा घाणा चालवण्याचा होता. शनिवारी म्हणजे सब्बाथच्या दिवशी ते घाणा बंद ठेवीत. त्यामुळे कोकणात त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. तौरात हातात नसतानाही या लोकांनी शनिवार सोडला नाही, खतना सोडला नाही, आणि त्यावरूनच पुढे बाहेरच्या यहुद्यांनी त्यांना आपले म्हणून ओळखले.

आपल्या खान्देशाला तेलाच्या धंद्याचे अप्रूप नाही. शेंगदाणा, सरकी, घाणे, गिरण्या हे आपले रोजचे जग. मोहंमद हाशम प्रेमजी यांनी १९४५ साली अमळनेरला वनस्पती तुपाचा कारखाना काढला आणि त्यातूनच पुढे ‘विप्रो’ उभी राहिली. घाण्यावर आणि पिंजणावर पोट भरणाऱ्या घरांतून पुढे मास्तर, वकील, डॉक्टर कसे निघतात हे आपल्या तेली आणि पिंजारी कुटुंबांनी पाहिले आहे. बेने इस्राएल समाजाचा प्रवासही असाच झाला. इंग्रजी अमदानीत ते मुंबईत आले. पलटणीत, रेल्वेत, सरकारी कचेऱ्यांत, शाळांत शिरले आणि दोन-तीन पिढ्यांत शिकलेला समाज म्हणून ओळखले जाऊ लागले.

आपल्याशी जुळणाऱ्या आणखी काही गोष्टी सांगण्यासारख्या आहेत. हे लोक आपल्या प्रार्थनास्थळाला मराठीत ‘मशीद’ म्हणत. मुंबईतले त्यांचे पहिले प्रार्थनास्थळ सॅम्युएल दिवेकर यांनी १७९६ साली बांधले. त्याला ‘जुनी मशीद’ म्हणतात, आणि ‘मस्जिद’ या रेल्वे स्टेशनचे नाव त्यावरूनच पडले असे सांगितले जाते. दिवेकर कंपनी सरकारच्या फौजेत होते आणि टिपू सुलतानच्या कैदेत सापडले होते. कैद्यांपैकी काहीजण बनी इस्राईल आहेत हे कळल्यावर टिपूच्या आईने, ज्यांचे नाव कुरआनात आहे ते लोक आपण कधी पाहिले नाहीत, असे म्हणून त्यांचा जीव वाचवला, अशी आख्यायिका त्या समाजात चालत आली आहे. हजरत इलियास (अ.) यांना ते एलियाहू हन्नाबी म्हणतात आणि त्यांच्या नावाने मन्नत पुरी झाली की पोहे, खोबरे, साखर आणि सुका मेवा घालून ‘मलिदा’ करतात. मलिदा हा शब्द आपल्या किती घरांत आहे, हे वेगळे सांगायला नको. त्यांच्या ‘पेसाह’ सणाची पोथी मराठी भाषांतरासह १८४६ साली मुंबईत छापली गेली. म्हणजे मराठीत दीनी साहित्य छापण्याची त्यांची परंपरा पावणेदोनशे वर्षांची आहे.

शाळेतला मार आणि एक जिवलग दोस्त

निस्सिम इझिकेल यांचा जन्म १६ डिसेंबर १९२४ रोजी मुंबईत झाला. ‘निस्सिम’ म्हणजे हिब्रूत चमत्कार. इझिकेल हे त्या नबींचे नाव, ज्यांना आपल्या परंपरेत हिजकील म्हटले जाते. वडील मोझेस, म्हणजे आपल्या भाषेत मूसा. ते विल्सन कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवीत. आई डायना स्वतः काढलेल्या शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. समाजाची मातृभाषा मराठी असली तरी मुलाचे सारे शिक्षण इंग्रजीत झाले. १९४७ साली ते मुंबई विद्यापीठाचे इंग्रजी विषयाचे एम. ए. झाले.

शाळा रोमन कॅथलिक मुलांची. त्या दिवसांविषयी इझिकेलांनी पुढे ‘बॅकग्राउंड, कॅज्युअली’ या कवितेत लिहिले. ख्रिस्ती मुले येशूच्या मृत्यूचे पाप या एकट्या यहुदी पोराच्या माथी मारीत. एका मुसलमान खेळाडू मुलाने कान सुजवल्याची आठवणही त्यात आहे. हिंदू मुलांचीही भीती वाटे, असे ते सांगतात. कोणालाच सोडलेले नाही, आणि मुख्य म्हणजे स्वतःलाही नाही. स्वतःच्या भित्रेपणाची, पुस्तकी स्वभावाची त्यांनी तितकीच थट्टा केली आहे.

मुसलमान घरात हे वाचताना थोडे अवघडल्यासारखे होते. होऊ द्यावे. वर्गात एकटे असलेल्या पोराला काय सोसावे लागते, हे ज्या समाजाची मुले रोज अनुभवतात, त्या समाजाच्याही एखाद्या मुलाचा हात कधीतरी दुसऱ्या एकट्या पोरावर उठलेला असतो. आपल्या मुलाने काय सोसले हे आपण घरी विचारतोच. त्याने दुसऱ्याला काय सोसायला लावले, हेही विचारायला हवे.

याच इझिकेलांच्या आयुष्यातली पुढची गोष्ट त्या कान सुजवणाऱ्या मुलाइतकीच खरी आहे. कॉलेजच्या काळात त्यांची दोस्ती जडली इब्राहिम अल्काझी यांच्याशी. अल्काझी पुण्यात जन्मलेले, अरब व्यापारी घराण्यातले मुसलमान. पुढे दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचे संचालक म्हणून त्यांनी भारतीय रंगभूमीला नवे वळण दिले. १९४८ साली इझिकेल लंडनला गेले तेव्हा त्यांच्या प्रवासाचे पैसे भरले ते अल्काझींनी. एका यहुदी मास्तराच्या मुलाला एका अरब मुसलमानाने स्वतःच्या खर्चाने विलायतेला नेले, आणि तेही इस्राईल राष्ट्र स्थापन झाले त्याच वर्षी. इतिहासाच्या पुस्तकात अशा गोष्टींना जागा मिळत नाही. त्या घरात सांगाव्या लागतात.

डेक घासत घरी

लंडनला इझिकेलांनी बर्कबेक कॉलेजात तत्त्वज्ञान शिकले, छोटीमोठी कामे केली, तळघरातल्या खोलीत दिवस काढले आणि कविता लिहिल्या. १९५२ साली तिथेच त्यांचा पहिला संग्रह ‘अ टाइम टू चेंज’ निघाला. त्याच वर्षी ते परतले. तिकिटाला पैसे नव्हते. इंडोचायनाकडे शस्त्रे घेऊन निघालेल्या मालवाहू जहाजावर डेक घासण्याचे काम करीत ते मुंबईला पोहोचले.

त्यापुढची नोकऱ्यांची यादी पाहिली तर कविता लिहून पोट भरत नाही ही गोष्ट कळते. ‘इलस्ट्रेटेड वीकली’मध्ये सहसंपादक, मग जाहिरात कंपनी, मग चित्रांच्या चौकटी बनवणाऱ्या कारखान्यात मॅनेजर. १९६१ पासून मिठीबाई कॉलेजात इंग्रजीचे विभागप्रमुख आणि १९७२ पासून निवृत्तीपर्यंत मुंबई विद्यापीठात अध्यापन. मधल्या काळात १९५५ साली सुरू झालेल्या ‘क्वेस्ट’ या नियतकालिकाचे ते पहिले संपादक झाले, ‘टाइम्स ऑफ इंडिया’त चित्रकलेवर लिहिले, आणि ‘पोएट्री इंडिया’ हे नियतकालिक चालवून त्यात देशी भाषांतल्या कवितांची भाषांतरे छापली.

स्वतःइतकेच कष्ट त्यांनी दुसऱ्यांसाठी घेतले. कोणीही तरुण वहीत कविता घेऊन आला की ते बसून एकेक ओळ तपासत. पारशी डॉक्टर-कवी गिव्ह पटेल यांचा पहिला संग्रह १९६६ साली इझिकेलांनी स्वतः प्रसिद्ध केला. मुंबईचे मुसलमान कवी सलीम पीरादिना यांनाही त्यांचे मार्गदर्शन लाभले. पीरादिना यांनी १९७२ साली संपादित केलेला भारतीय इंग्रजी कवितेचा संग्रह कॉलेजांतून पुष्कळ वाचला गेला. उस्तादाची खरी कमाई शागिर्दांत दिसते असे आपण म्हणतो, ते इझिकेलांना लागू पडते.

यावल तालुक्याशी नाते

इझिकेलांना ‘आधुनिक’ किंवा ‘नवकवी’ म्हणतात ते कशासाठी? त्यांच्याआधी आपल्याकडे इंग्रजीत लिहिणारे बहुतेकजण स्वप्नाळू, अलंकारिक भाषेत हिमालय, कमळे आणि आत्मा यांवर लिहीत. इझिकेलांनी साधी बोलीची भाषा घेतली. विषय घेतले ते शहराचे: लोकलची गर्दी, बिऱ्हाड, नोकरी, नवरा-बायकोतला अबोला, मनातली शंका. उपदेश कमी, स्वतःची झाडाझडती जास्त.

मराठीत हेच काम ज्यांनी केले ते बा. सी. मर्ढेकर आपल्या खान्देशचे. १९०९ साली फैजपूरला त्यांचा जन्म झाला. तेही शिक्षणासाठी लंडनला गेले, त्यांनीही टी. एस. एलियटची कविता पचवली, आणि १९४७ साली आलेल्या ‘काही कविता’ने मराठी कविता बदलून टाकली. त्या पुस्तकावर अश्लीलतेचा खटला झाला आणि ते त्यातून सुटले. फैजपूर यावल तालुक्यातले, आणि त्याच तालुक्यातल्या सांगवीचे भालचंद्र नेमाडे. त्यांच्या १९६३ च्या ‘कोसला’ने मराठी कादंबरीला नवी भाषा दिली.

नेमाडे यांनी भारतीयांच्या इंग्रजी लेखनावर कडक टीका केली आहे. जी भाषा रस्त्यावर, शेतात, स्वयंपाकघरात बोलली जात नाही, तिच्यातले साहित्य मुळे धरत नाही, असा त्यांचा एकूण रोख. हा आक्षेप इझिकेलांनाही लागतो. भारतीय माणसाच्या तोडक्यामोडक्या इंग्रजीची नक्कल करणाऱ्या त्यांच्या काही कविता हसवतात, पण हसू कोणाला येते आहे आणि कोणावर, हा प्रश्न राहतोच. मात्र मराठीकडे त्यांनी पाठ फिरवली नव्हती. इंदिरा संत यांच्या कवितांचे इंग्रजी भाषांतर त्यांनी वृंदा नाबर यांच्याबरोबर केले आणि ते १९७४ साली पुस्तकरूपाने आले.

हा वाद आपल्या घरांत रोज असतो, फक्त आपण त्याला साहित्याचा वाद म्हणत नाही. मुलाला उर्दू शाळेत घालायचे, मराठीत की इंग्रजीत? अमळनेर-पारोळ्याकडच्या खेड्यातला आपला माणूस शेतात अहिराणी बोलतो, यावल-रावेर-चोपड्याच्या पट्ट्यातल्या तडवी बांधवांची स्वतःची बोली आहे, घरात दखनी उर्दू, दुआ अरबीत आणि सातबारा मराठीत. मग ‘तुमची भाषा कोणती?’ असे कोणी विचारले की मूल गोंधळते. शेख महंमद श्रीगोंदेकरांनी मराठीत ‘योगसंग्राम’ लिहिला, १९९० साली सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, हे त्याला आपणच सांगितले पाहिजे. भाषा कोणतीही निवडा, पण दुसरीची लाज वाटेल असे मूल घडवू नका. इझिकेलांच्या आयुष्यातून आम्ही एवढे घेतो.

विंचवाची रात्र

आता पुन्हा त्या कवितेकडे. आईला विंचू चावतो. गावकरी जमतात, देवाचे नाव घेतात, या वेदनेने तिची पापे धुतली जातील असे म्हणतात. वडील सुशिक्षित, शंकेखोर. पण बायको तळमळताना पाहून तेही पूड, मिश्रण, जडीबुटी सारे करून पाहतात, चावलेल्या जागी रॉकेल ओतून काडीही लावतात. मांत्रिक मंत्र म्हणतो. बऱ्याच तासांनी विष उतरते. आई एवढेच म्हणते की विंचवाने मला धरले आणि मुलांना सोडले, देवाचे उपकार.

शिकवताना बहुधा ‘अंधश्रद्धा विरुद्ध विज्ञान’ एवढाच प्रश्न विचारला जातो. कविता त्याहून मोठी आहे. गावकऱ्यांना कवी मूर्ख ठरवत नाही. ते आपापली झोप सोडून आलेले शेजारी आहेत. वडिलांनाही शहाणे ठरवत नाही. शेवटचा शब्द आईचा, आणि तो शुक्राचा. मुलीला ही कविता अभ्यासाला असेल तर तिला एवढेच विचारा की घरातल्या कोणाचे बोलणे तुला या आईसारखे वाटते?

जाता जाता कामाची गोष्ट. लाल विंचू आपल्या भागातही निघतो. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी १९८० च्या दशकात प्राझोसिन या औषधाचा विंचूदंशावर उपयोग दाखवून दिला आणि मृत्यूंचे प्रमाण झपाट्याने खाली आले. दुआ जरूर करा, पण रॉकेल, चिरा देणे, करकचून बांधणे, झाडफूक यांत वेळ न घालवता आधी सरकारी दवाखाना गाठा, मूल लहान असेल तर विशेषच.

इथेच राहण्याचा निर्णय

१९४८ नंतर बेने इस्राएल समाजातले बहुसंख्य लोक हळूहळू इस्राईलला गेले. तिथे सगळे सुरळीत झाले नाही. तिथल्या धर्मगुरूंनी त्यांच्या यहुदी असण्यावरच शंका घेतली आणि लग्नाला अडथळे आणले. या कोकणी लोकांना आंदोलन करावे लागले, तेव्हा कुठे १९६४ साली तिथल्या संसदेने ते पूर्ण यहुदी असल्याचा निर्वाळा दिला. दोन हजार वर्षे शनिवार पाळणाऱ्यांना ‘तुम्ही खरेच आमचे का?’ असे विचारले गेले. कागद दाखवा, पुरावा द्या, ही भाषा आपल्यालाही अनोळखी नाही.

इझिकेल गेले नाहीत. व्ही. एस. नायपॉल यांनी १९६४ साली ‘अ‍ॅन एरिया ऑफ डार्कनेस’ या पुस्तकात भारताची घाण, दारिद्र्य, ढोंग यांवर कोरडे ओढले, तेव्हा इझिकेलांनी त्याला लेख लिहून उत्तर दिले. त्यांनी नायपॉलचे दोष-दर्शन सरसकट नाकारले नाही. त्यांचे म्हणणे असे होते की या देशात राहणारा, इथेच काम करणारा माणूस तक्रार करतो ती आपल्या घराविषयी करतो. ती आणि पाहुण्याचा संताप एक नव्हे. ‘बॅकग्राउंड, कॅज्युअली’चा शेवटही इथेच राहायचे ठरल्याचे सांगतो. त्यात देशभक्तीचा डांगोरा नाही आणि उपकाराची भाषाही नाही. अल्पसंख्याक माणसाकडून नेहमी या दोहोंपैकी एकाची अपेक्षा केली जाते. इझिकेलांनी दोन्ही नाकारले, आणि टीकेचा हक्कही सोडला नाही. आमच्या मते त्यांचे सर्वांत मोलाचे काम हेच.

त्यांचे सारे आयुष्य अनुकरण करावे असे मुळीच नव्हते. तरुणपणी ते धर्मापासून दूर गेले, अमेरिकेत असताना नशेच्या रसायनाचे प्रयोग केले, संसारही नीट झाला नाही. पुढे मात्र त्यांच्या कवितेत पुन्हा देवाशी बोलणे सुरू झाले. हजरत दाऊद (अ.) यांच्या जबूरमधील स्तोत्रे समोर ठेवून, कुठे मान्य करीत तर कुठे हुज्जत घालीत लिहिलेल्या रचनांवरून त्यांच्या संग्रहाला ‘लॅटर-डे साम्स’ हे नाव मिळाले. त्याला १९८३ साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. १९८८ साली ते पद्मश्री झाले.

शेवटची वर्षे कठीण गेली. अल्झायमरने स्मरणशक्ती हिरावून नेली. एकेका शब्दासाठी झगडणाऱ्या माणसाजवळ शब्दच उरले नाहीत. ९ जानेवारी २००४ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. आपल्या घरातले नाना-नानी तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारू लागले, ओळखीची गल्ली चुकू लागले, तर ‘वय झाले’ म्हणून सोडून देऊ नये. डॉक्टरांना दाखवावे आणि त्यांच्यावर चिडू नये.

आज महाराष्ट्रात बेने इस्राएल फार थोडे उरले आहेत. २०१६ साली राज्य सरकारने यहुद्यांना अल्पसंख्याक दर्जा दिला, म्हणजे कागदावर ते आणि आपण एकाच यादीत आलो. अलिबागकडे कधी सहलीला गेलात तर मुलांना नौगावचे त्यांचे जुने कब्रस्तान जरूर दाखवा. आणि पुढच्या वेळी मुलगा किंवा मुलगी ती विंचवाची कविता मोठ्याने वाचताना ऐकू आली, तर हातातले काम बाजूला ठेवून ती कोणी लिहिली, हे त्यांना नीट सांगा.